गाणं पाठ आहे, पण ताटातलं अंडं कुठे गेलं?

पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा रात्री आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने व्हिडिओ टाकला. जुन्या दूरदर्शनवरच्या खाण्यापिण्याच्या जाहिराती, एकामागून एक. लिज्जत पापडचा तो खदाखदा हसणारा ससा. रसनाचा ग्लास हातात धरलेली छोटी मुलगी. आठवड्याचे वार मोजत अंडी खायला सांगणारं गाणं. घर सोडून स्टेशनवर जाऊन बसलेला आणि जिलेबीचं नाव ऐकताच परत फिरणारा धारा तेलाच्या जाहिरातीतला पोरगा.

आमचा ग्रुप तसा थंड. वाढदिवस आणि भावपूर्ण श्रद्धांजली, एवढंच चालतं. पण त्या रात्री बारा वाजेपर्यंत नुसता पाऊस. दुबईला असलेल्या मित्राने स्वतःच्या आवाजात गाणं म्हणून पाठवलं. रोह्यात राहणारी एक मैत्रीण, जी दोन वर्षांत एक अक्षर बोलली नव्हती, तिने लिहिलं, "रडायला आलं रे." शेवटी सगळ्यांचं एकच मत पडलं, ते दिवस परत येणार नाहीत.

मीही त्यात होतो. सगळी गाणी म्हटली, एक शब्द चुकला नाही. बाजूला माझा मुलगा बसला होता, सहावीत आहे. त्याने विचारलं, "बाबा, तुम्हाला हे सगळं पाठ कसं? आणि सहावीतली कविता येते का तुमची?"

नाही येत.

हसण्यावारी नेलं, पण झोप काही लागेना. चाळीस वर्षांत शाळेतलं निम्मं विसरलो, आजीच्या ओव्या विसरलो, आणि एका सरबताच्या पावडरीचं गाणं डोक्यात तसंच्या तसं आहे. हे कसं झालं, आणि त्याचं आज आपल्या पोरांशी काय नातं आहे, त्यावर थोडं लिहितो.

तात्यांचा टीव्ही

आमच्या पिढीतल्यांना सांगायला नको, पण पोरांसाठी सांगतो. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यावर जाहिराती यायला लागल्या १ जानेवारी १९७६ पासून. रंग आले १९८२ मध्ये. आमच्या निडीला मात्र यातलं सगळं उशिराच पोचलं. रोह्यापर्यंत रेल्वे आली १९८६ च्या सुमारास, आणि आमच्या आळीत पहिला टीव्ही आला त्याच्या पुढच्या वर्षी, तात्यांकडे. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरवाला. अँटेना मुंबईच्या दिशेला फिरवायचा. जरा वारा आला की एकाने कौलावर चढायचं आणि खालून सगळ्यांनी ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!"

जानेवारी १९८७ पासून रामायण लागलं. रविवारी सकाळी साडेनऊला तात्यांच्या ओटीवर, पडवीत आणि अंगणात मिळून निम्मी आळी. म्हाताऱ्या टीव्हीला हात जोडायच्या. पण आम्हा पोरांचं खरं सांगू? आम्ही रामायणाआधीच्या जाहिरातींसाठी लवकर जायचो. रामायण आजीने आधीच सांगितलेलं होतं, पुढे काय होणार ते माहीत होतं. जाहिरातीतलं जग मात्र कुणीच सांगितलेलं नव्हतं.

त्यात एक मजा होती, बघा. वस्तू गावात यायच्या आधी तिचं गाणं गावात यायचं. दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स आपल्या देशात आल्या १९८३ ला. 'हम लोग' ही मालिका ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, तीही मॅगीच्याच पैशांवर. गावच्या दुकानात ते पिवळं पाकीट दिसायला पुढे कितीतरी वर्षं गेली. तोवर आम्ही ते नुसतं गाऊनच खाल्लं. रोह्याला बाबांबरोबर बाजाराला गेलो की दुकानाच्या काचेतली पाकिटं ओळखायचो, जणू गावचीच माणसं भेटल्यासारखी.

सगळंच वाईट नव्हतं

आता कुणी म्हणेल, लागला हा जाहिरातींना शिव्या द्यायला. थांबा. मला त्या जाहिराती आवडतात, अजूनही. आणि त्यातल्या काहींनी खरोखर चांगलं काम केलं.

लिज्जतचंच घ्या. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटं. त्यातून हजारो बायकांची संस्था उभी राहिली, आणि त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. टीव्हीवरचा तो ससा आपल्या रामदास पाध्यांचा. म्हणजे बायकांनी लाटलेला पापड आणि मराठी माणसाची बाहुली, दोघांनी मिळून देश जिंकला. आपल्या पेणच्या बायकाही पोह्याचे पापड आणि मिरगुंडं करण्यात कुणाला ऐकत नाहीत. त्यांच्या वाट्याला ससा आला नाही, एवढंच.

दुसरं ते अंड्याचं गाणं. ते कुठल्या कंपनीच्या पाकिटाचं नव्हतं. कोंबड्या पाळणाऱ्यांनी १९८२ मध्ये नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी काढली, अंड्याला बरा भाव मिळावा म्हणून, आणि त्यांनी ती जाहिरात केली. तिने सांगितलं काय, तर अंडं खा. कुणाचं? कुणाचंही. आमच्या आजीच्या डालग्यातल्या कोंबडीचंही चालेल. ती जाहिरात बघून आजी म्हणाली होती, "एवढा टीव्ही काढला तेव्हा यांना कळलं काय अंडं चांगलं असतं?" टीव्हीवरच्या माणसाने आजीचं म्हणणं मान्य केलं, असं तेवढ्यापुरतं तरी झालं.

आणि एक डबा

पण आता दुसरी बाजू, जी मी ग्रुपवर लिहिली नाही.

त्याच काळात एका पावडरीची जाहिरात यायची. दुधात घालायची पावडर. नाव नको, तशा तीन-चार होत्या आणि सगळ्या एकच गोष्ट सांगायच्या. पोरगा उंच होणार, हुशार होणार, पहिला येणार. मी पाचवीत. वर्गात सगळ्यात बुटका. मी घरी हट्ट धरला.

बाबा तेव्हा नागोठण्याला कारखान्याच्या बांधकामावर रोजंदारीने जायचे. घरात दूध म्हणजे शेजारून येणारं पावशेर, त्यात सगळ्यांचा चहा. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी तांदळाची भाकरी, वालाची आमटी, नाहीतर सुका जवळा. आज शहरात लोक पैसे मोजून जे शोधतात ते सगळं आमच्या चुलीवर होतं. पण टीव्हीवर नाचणीचं गाणं नव्हतं. त्यामुळे माझ्या डोक्यात बसलं की हे गरिबाचं खाणं आणि डब्यातलं ते खरं खाणं. वर्गात डबा उघडताना झाकण अर्धं ठेवून खायचो, भाकरी दिसू नये म्हणून. आईने एकदा ते पाहिलं. काही बोलली नाही.

महिनाअखेरीला बाबांनी रोह्याहून तो डबा आणला. किती दिवसांची मजुरी गेली ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आईने तो मडक्यांच्या उतरंडीवर ठेवला. रोज अर्धा चमचा. फक्त मला. कारण जाहिरातीत पोरगा होता. आणि पावशेर दुधातलं निम्मं आता माझ्या पेल्यात जायला लागलं.

माझी धाकटी बहीण बाजूला बसून कोरा चहा प्यायची.

पुढे तिचं लग्न झालं, पेणकडे दिली. पहिल्या बाळंतपणात रक्त एवढं कमी निघालं की दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. आता एका डब्याने असं होत नाही, हे मलाही कळतं. घरोघरी पोरींच्या ताटात आधीपासूनच कमी पडत होतं, टीव्ही नव्हता तेव्हाही. पण परवाचा तो व्हिडिओ मी तिलाही पाठवला होता. सगळ्यांनी बदाम पाठवले. तिचं उत्तर सकाळी आलं: "दादा, तुझ्या दुधात पावडर होती. माझ्या चहात दूध नव्हतं. मला पण ते गाणं पाठ आहे."

यावर मी काय लिहिणार?

त्या डब्याबद्दल एक सांगून पुढे जातो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं की असल्या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. वाचलं तेव्हा मी बुटकाच होतो. पाच फूट तीन इंच.

आताची जाहिरात दिसतच नाही

आपल्या वेळची जाहिरात निदान सगळ्यांसमोर यायची. तात्यांच्या अंगणात पन्नास माणसं एकदम बघायची. एखादी म्हातारी तिथल्या तिथे म्हणायची, "काय पण येडेपणा!" जाहिरातीला उत्तर मिळायचं.

आता पोरगं कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतं. त्याला काय दाखवलं, किती वेळा दाखवलं, घरात कुणालाच पत्ता नसतो. पुष्कळदा ती जाहिरात आहे हेसुद्धा कळत नाही. कुणीतरी हसतमुख मुलगा पाकीट फोडतो, खातो, नाचतो, संपलं. आपल्या काळी गाणं आधी आणि वस्तू दोन-चार वर्षांनी. आता बोटाने स्क्रीन सरकवली की तेच पाकीट कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयांना लटकलेलं. मधली ती दोन-चार वर्षं गेली. खरं तर तीच आपल्याला वाचवत होती. खिशात पैसे नव्हते आणि दुकानात माल नव्हता, म्हणून आपण भाकरीवर वाढलो. आपण काही शहाणे नव्हतो, उगाच पोरांना ऐकवू नका.

कायदे आहेत, बरं का. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम काढले. चिप्स, थंड पेयं असल्या जंक फूडच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमात आणि मुलांच्या चॅनलवर दाखवायच्या नाहीत. छान. पण आपली पोरं मुलांचं चॅनल बघतात कुठे? ती क्रिकेट बघतात आणि मोबाइल बघतात.

दुसरा नियम त्याहून कामाचा आहे आणि तो आपल्यापैकी दहा जणांनाही माहीत नसेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे शाळांसाठीचे नियम सांगतात की जास्त चरबी, जास्त मीठ, जास्त साखर असलेले पदार्थ शाळेत तर नाहीतच, पण शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आतही विकायचे नाहीत आणि त्यांची जाहिरातही करायची नाही.

मी गेल्या आठवड्यात आपल्या भागातल्या एका शाळेबाहेर उभा राहिलो. नाव नको, सगळीकडे तेच आहे. फाटकापासून दुकानापर्यंत चाललो. बावीस पावलं. दारात माळा लटकलेल्या. मोजल्या, चौदा प्रकारची पाकिटं, एकही दहा रुपयांच्या वर नाही. मधली सुट्टी झाली तशी पोरं धावत आली. एका चिमुरडीने पाच रुपयांची कुरकुरीत नळ्यांची पिशवी घेतली आणि तिथेच उभी राहून संपवली. घरी जाऊन ती किती जेवणार ते तुम्हीच सांगा.

दुकानदाराला दोष देऊ नका. त्याचंही पोट आहे आणि त्या माळांवरच त्याचं वीजबिल निघतं. मागितलं तर तो शेंगदाण्याची चिक्कीही लटकवेल आणि उकडलेले शेंगदाणेही विकेल. पोरं मागत नाहीत, कारण त्याचं गाणं त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आणि हा नुसता चवीचा प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या दर १०० मुलांपैकी जवळपास ६९ मुलांना रक्तक्षय निघाला. आधीच्या फेरीत हा आकडा ५४ च्या आसपास होता. म्हणजे टीव्ही रंगीत झाला, मोबाइल आला, दुकानं भरली, आणि पोरांच्या अंगातलं रक्त कमी झालं.

ताटातलं अंडं

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की शालेय पोषण आहारात मुलांना आठवड्यातून एक अंडं द्यायचं, आणि जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं. किती साधी गोष्ट! त्यावरही वाद झाले, ते आपण पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा वेगळा निधी बंद केला. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं.

जे गाणं आपल्या सगळ्यांना पाठ आहे, जे ऐकून परवा आपण रडलो, त्या गाण्यातलं अंडं आपल्या डोळ्यांदेखत पोरांच्या ताटातून गेलं. आपल्यापैकी किती जणांनी त्यावर एक ओळ लिहिली? मी लिहिली नाही. त्या वेळी आमच्या ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक फिरत होता.

सरकारने निधी परत द्यावा, ही मागणी आहेच. आठवड्याला एक अंडं देणं या राज्याला परवडत नाही, हे मला पटत नाही. ज्यांना आपण मतं दिली त्यांना हे विचारायलाच हवं. पण तोवर थांबायचं का? लोकसहभाग म्हणजे आपणच की.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पटतात का बघा.

पहिली. येत्या ग्रामसभेत ५० मीटरचा विषय घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच असतात. त्यांनी लेखी अर्ज द्यायचा, ग्रामपंचायतीने दुकानदारांना बोलावून समजावायचं. दंड-बिंड नको आधी. माळा फाटकासमोरून हलवा आणि दारात चिक्की, केळी, शेंगदाणे ठेवा, एवढंच. बचत गटाच्या बायकांना तिथे टेबल द्या. पोह्याचा चिवडा पाच रुपयांच्या पुडीत बांधता येतो. पेण-रोह्याच्या भातखाचरांतल्या पोरांना पोहे विकत मिळू नयेत आणि मक्याच्या नळ्या मिळाव्यात, याला काय म्हणायचं?

दुसरी. अंडं. पाच रुपयांच्या दोन पाकिटांच्या पैशांत एक अंडं येतं. आमच्या ग्रुपमध्ये ४२ जण आहोत, निम्मे बरे कमावतात. गावच्या शाळेच्या पोरांना आठवड्यातून एक अंडं किंवा केळं द्यायचा वर्षाचा खर्च आम्ही काढला. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाला फार्महाऊसवर जेवढा उडवला त्यापेक्षा कमी भरला. यंदा स्नेहसंमेलन शाळेच्या पटांगणातच करायचं, वालाच्या शेंगा आणून पोपटी लावायची आणि उरलेले पैसे अंड्यांना, असं मी सुचवलंय. अकरा जण हो म्हणालेत. बाकीचे अजून जुनी गाणी पाठवतायत.

तिसरी फक्त घरातली. पोरांच्या ताटात आणि पोरींच्या ताटात एकच वाढा. जाहिरातीत कोण होतं ते बघू नका.

शेवटचं

आठवणी काढू नका असं माझं म्हणणं नाही. काढा. तात्या गेले, तो टीव्ही गेला, त्या ओटीवर आता फरशी बसली. त्या गाण्यांत आपल्याला ती ओटी ऐकू येते, शेजारी बसलेली माणसं ऐकू येतात. म्हणून रडायला येतं, पापडासाठी कोण रडतं?

पण सहावीतल्या पोराला मी आता खरं उत्तर दिलंय. म्हटलं, पाठ झालं कारण ज्यांना विकायचं होतं त्यांनी पैसे घालून, उत्तम संगीतकार बसवून, रोज न चुकता ते माझ्या कानात घातलं. कविता एका सरांनी वर्षातून एकदा शिकवली. लहानपणी जे सतत कानावर पडतं ते चाळीस वर्षं टिकतं. त्या लोकांना ते ठाऊक होतं, आपल्याला आता कळतंय.

मग आपण पोरांच्या कानात काय घालतोय?

बहिणीला मी फोन केला. ती आता अंगणवाडीत मदतनीस आहे. म्हणाली, "दादा, पोरं खातात रे, पण बरोबर बसावं लागतं. मी अंडं सोलताना ते गाणं म्हणते, मग सगळी खातात."

तेवढं एक गाणं तरी कामाला आलं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी आपल्या गावच्या शाळेचं फाटक ते पहिलं दुकान किती पावलं आहे, ते मोजून लिहा. आकडा टाका, गावाचं नाव टाका. ग्रामसभेत तोच कागद पुढे ठेवू.